बीफ खिमा पास्ता: खिमा राखाडी का पडतो आणि सॉस पास्त्याला का धरत नाही?

लसूणपाकळी

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात. साडेआठच्या आत ताटं मांडली नाहीत तर धाकटा टेबलावरच पेंगायला लागतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी बीफ खिम्याचा पास्ता होतोच. सामान साधं असतं: अर्धा किलो खिमा, एक कांदा, लसूण, टोमॅटोचा कॅन आणि पास्त्याचं पाकीट. पण इतकी वर्षं करूनही तो मनासारखा होत नाही.

माझी पद्धत अशी. तेलात कांदा-लसूण परतते, त्यावर खिमा घालते आणि हलवत राहते. दोन मिनिटांत कढईत पाणी सुटतं आणि खिमा त्या पाण्यात बुडबुडत राखाडी होतो. मग टोमॅटो ओतून दहा मिनिटं उकळते. पास्ता दुसऱ्या पातेल्यात शिजवून रोळीत निथळते, चिकटू नये म्हणून नळाखाली धुते आणि वरून सॉस घालते. खाताना ताटाच्या तळाशी लालसर पाणी, पास्ता वरून पांढराच आणि खिम्याचे दाणे रबरासारखे. चव वाईट नसते, पण सगळं एकमेकांपासून सुटं सुटं लागतं.

वाइन घालत नाही, आणि तासन्‌तास उकळायला वेळ नाही. पाऊण तासात जमेल असं सांगा. नेमकं चुकतं कुठे?

निळी_शेगडी

तुमचा खिमा परतला जात नाहीये, उकडला जातोय. बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यातूनच येतात, म्हणून आधी त्याबद्दल सविस्तर लिहितो.

कच्च्या खिम्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं. कढईत पाणी साचलेलं असेल तोवर तिथलं तापमान 100 अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंग आणि तो भाजका वास यायला मांसाचा पृष्ठभाग 140 अंशांच्या आसपास किंवा त्याहून तापावा लागतो. तुम्ही कांदा आधी घालता, त्याचं पाणी असतं. त्यावर फ्रीजमधला गार खिमा एकदम पडतो, कढईचं तापमान कोसळतं, खिमाही पाणी सोडतो. वर तुम्ही सतत हलवता, म्हणजे कुठलीच बाजू तळाला टिकून राहत नाही. मग खिमा राखाडी होणार नाही तर काय!

क्रम उलटा करा. रुंद, जाड बुडाची कढई किंवा पॅन घ्या आणि मोठ्या आचेवर तापवा. खिमा कागदी रुमालाने वरून टिपून घ्या. चमचाभर तेल घालून तो कढईत पसरा आणि कालथ्याने दाबून एक सलग जाड थर करा. आता हात मागे घ्या. चार-पाच मिनिटं त्याला अजिबात शिवायचं नाही.

या वेळात कान द्या. सुरुवातीला चर्र असा कोरडा आवाज येतो. पाणी सुटलं की तो मऊ होतो, बुडबुड ऐकू येते. त्याला घाबरू नका, आच कमी करू नका. पाणी उडून गेलं की आवाज पुन्हा बदलतो, चरचर बारीक आणि तीक्ष्ण होते, कारण आता खिमा स्वतःच्या चरबीत तळला जात असतो. हा दुसरा आवाज आला की कालथ्याने कडा उचलून बघा. खाली गडद तपकिरी दिसलं पाहिजे.

मग थराचे मोठे तुकडे करून उलटा आणि दुसरी बाजू जेमतेम मिनिटभर ठेवा. सगळा खिमा सगळ्या बाजूंनी तपकिरी करायच्या मागे लागू नका. पूर्ण भाजलेला खिमा कोरडा, कडक होतो. तुमचे रबरी दाणे आलेत ते कोरडेपणामुळेच. एका बाजूने खरपूस आणि आत मऊ असा खिमा सॉसमध्ये शिजताना ओलावा धरून राहतो, आणि चवीला तेवढा रंग पुरतो.

आता खिमा कालथ्याने फोडा. चरबी फार सुटली असेल तर चमच्याने काढून टाका, पण दोन चमचे राहू द्या. कांदा त्यातच घालायचा. कढईच्या तळाला जो तपकिरी थर चिकटलेला असतो तो कांद्याच्या पाण्याने सुटतो. तो घासून घासून मोकळा करा, खरी चव तिथेच आहे. वाइनचं हे काम कांदा करतो, किंवा अर्धी वाटी पाणीही करतं.

मीठ खिम्यात आधीपासून कालवून ठेवू नका. त्याने मांसातली प्रथिनं एकमेकांना धरतात आणि खिमा सॉसेजसारखा चिवट होतो. कढईत पडल्यावर घाला.

भांडीकमी

वर लिहिलंय त्याला अनुमोदन. एक भर घालते: टोमॅटो पेस्ट. कांदा मऊ झाला की लसूण अर्धा मिनिट आणि मग दोन मोठे चमचे पेस्ट घालून परता. लाल रंग विटकरीकडे झुकला आणि कडेला तेल सुटायला लागलं की कॅनचा टोमॅटो घाला. पेस्टचा कच्चट आंबटपणा तिथेच जातो. पंधरा मिनिटांचा सॉस दीड तास शिजल्यासारखा लागायला या दोन मिनिटांची मदत होते.

लसूणपाकळी

निळी_शेगडी, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मी आजवर "हलवत राहा" एवढंच ऐकलं होतं. आता पास्त्याचं सांगा. धुतला नाही तर माझा पास्ता गोळा होऊन बसतो.

निळी_शेगडी

गोळा होतो कारण तो सॉसची वाट बघत रोळीत बसलेला असतो. सॉस आधी तयार ठेवा, म्हणजे पास्त्याला थांबावंच लागणार नाही.

पास्त्याच्या अंगावर शिजताना स्टार्च येतो. नळाखाली धरलात की तो वाहून जातो आणि सॉसला धरायला काही उरत नाही. तुमचा पास्ता पांढरा राहतो तो यामुळे. उकळत्या पाण्यात तेल घातलं तरी चिकटायचं थांबत नाही, ते नुसतं वर तरंगतं. पहिली दोन मिनिटं नीट ढवळा, पास्ता चिकटतो तो त्याच वेळात.

पाकिटावर 11 मिनिटं लिहिली असतील तर 9 मिनिटांनी बाहेर काढा. त्याआधी कपभर पाणी बाजूला काढून ठेवा. हे विसरायला होतं, म्हणून मी पास्ता टाकतानाच रोळीत कप ठेवून देतो. रोळी उचलली की कप हाताला लागतो.

अर्धाकच्चा पास्ता थेट सॉसच्या कढईत टाका, अर्धा कप ते पाणी घाला आणि मोठ्या आचेवर दोन मिनिटं जोरात उलटापालटा. पाण्यातल्या स्टार्चमुळे चरबी आणि टोमॅटोचं पाणी एकजीव होतं. तवंग वेगळा आणि पाणी वेगळं असं दिसत नाही, सगळं दाटसर होऊन पास्त्याला लपेटतं. घट्ट वाटलं तर पाण्याचा आणखी एक घोट. चीज आच बंद केल्यावर घाला, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात.

इटलीत सांगतात ते माप 100 ग्रॅम पास्त्याला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ. घरी मी पाणी याहून कमी घेतो, म्हणजे स्टार्च दाट मिळतो. पण मग मीठही हात राखून घालायचं, कारण त्यातलं पाणी शेवटी सॉसमध्ये येतं.

मीठमिरी

खिम्याच्या सुरक्षिततेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी हे फार गांभीर्याने घेते.

अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असले तर ते बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि भाजताना मरतात. दळताना तोच पृष्ठभाग सगळ्या खिम्यात मिसळतो. म्हणून स्टेक आत गुलाबी चालतो, खिमा चालत नाही. अमेरिकी कृषी खात्याने दळलेल्या बीफसाठी सांगितलेलं तापमान 160 फॅरनहाइट आहे, म्हणजे 71 सेल्सिअस. रंगावर विसंबू नका. काही वेळा खिमा पुरेसा तापायच्या आधीच तपकिरी दिसतो, आणि कधी पूर्ण शिजूनही गुलाबी झाक राहते. इथे सॉसमध्ये पंधरा मिनिटं उकळी मिळते, त्यामुळे प्रश्न येत नाही. फक्त निळी_शेगडींनी सांगितलेले "आत मऊ" तुकडे चाखून बघायचा मोह उकळी येईपर्यंत टाळा.

कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक ते दोन दिवसच ठेवावा. रविवारी आणून गुरुवारी करणार असाल तर थेट फ्रीझरमध्ये टाका. फ्रीझरमधला खिमा ओट्यावर ठेवून वितळवू नका. बाहेरचा भाग कोमट होतो आणि आत बर्फच असतो. आदल्या रात्री खालच्या कप्प्यात, ताटलीत ठेवा. कच्चा खिमा ज्या कालथ्याने फोडला तो शेवटी सॉस ढवळायला वापरायचा असेल तर मध्ये धुवा.

आणि चरबीचं प्रमाण बघून घ्या. 20 टक्के चरबीचा खिमा चवीला छान, पण वरची चरबी काढावी लागते. 5 टक्क्यांचा घेतलात तर तो फार लवकर कोरडा पडतो. या पदार्थाला मला 15 टक्क्यांच्या आसपासचा बरा वाटतो.

भांडीकमी

आता माझा हट्टाचा मुद्दा. कामाच्या दिवशी दोन भांडी कशाला? मी पास्ता सॉसमध्येच शिजवते.

वरच्या पद्धतीने खिमा खरपूस करा, कांदा, लसूण, पेस्ट. मग 400 ग्रॅमचा टोमॅटोचा कॅन आणि साधारण 750 मिली गरम पाणी. उकळी आली की 350 ग्रॅम आखूड पास्ता: पेने, फुसिली, शंख. झाकण अर्धवट ठेवून मध्यम आचेवर शिजवा. दर दोन मिनिटांनी तळापासून ढवळा, कारण बुडाला लागला की सगळ्याला करपट वास येतो. सगळा स्टार्च कढईतच राहतो, त्यामुळे सॉस आपोआप दाट होतो.

एक लक्षात ठेवा, पाकिटावरच्या वेळेपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागतात. टोमॅटोच्या आंबटपणामुळे पास्ता हळू मऊ होतो. मला हे माहीत नव्हतं तेव्हा पाणीच कमी पडलं असं समजून ओतत गेले, आणि शेवटी सूप झालं. चमच्याने एक पेने काढून चावून बघा, घड्याळापेक्षा दातावर विश्वास ठेवा.

निळी_शेगडी

भांडीकमी, तुमच्या पद्धतीने जेवण चांगलंच होतं, मीही केलंय. पण माझं मत दोन भांड्यांचंच. एका कढईत पास्त्याला दातांखाली लागणारा कणा राहत नाही, कडा मऊ आणि मध्य घट्ट असा होतो. शिवाय लांब पास्ता त्यात नीट बुडत नाही. अर्ध्या तासाच्या कामात एक पातेलं जास्त घासायला माझी हरकत नाही.

भांडीकमी

माझी आहे. नऊ वाजता मुलांना झोपवून ओट्यापाशी परत यायचं ते पातेलं घासायला, हे रोजचं आहे. तेव्हा तो कणा मी आनंदाने सोडते. शनिवारी दोन भांड्यांत करते, तुमचं म्हणणं तेव्हा पटतं.

रविवारची_कढई

थोडं विषयांतर, पण संबंध आहे. खिम्याच्या टोमॅटो सॉसला सर्रास "बोलोन्येज" म्हणतात. इटलीच्या पाककला अकादमीने बोलोन्या शहराच्या रागूची, म्हणजे खिम्याच्या सावकाश शिजणाऱ्या सॉसची, कृती 17 ऑक्टोबर 1982 रोजी तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवली आणि 2023 मध्ये ती सुधारून पुन्हा नोंदवली. तिच्यात बीफ आहे, सोबत पॅन्चेटा (मिठात मुरवलेलं डुकराचं मांस), कांदा, गाजर, सेलरी. लसूण नाही. टोमॅटो अगदी बेताचा, आणि दूध आहे. शिजायला दोन तास तरी हवेत. सोबत स्पॅगेटी नाही, टाल्यातेल्ले ही रुंद पट्टी असते.

तुमचा पाऊण तासाचा पास्ता हा वेगळा पदार्थ आहे आणि त्याने रागूची नक्कल करायची गरज नाही. पण दोन गोष्टी तिकडून उचलण्यासारख्या आहेत. एक म्हणजे गाजर. एक लहान गाजर बारीक किसून कांद्याबरोबर परता, टोमॅटोचा आंबटपणा मवाळ होतो आणि साखर घालावी लागत नाही. दुसरं दूध. टोमॅटोच्या आधी पाव कप दूध घालून आटू द्या. खिमा नरम लागतो, सॉसला गोलाई येते. सगळ्यांना आवडेल असं नाही, मला फार आवडतं.

रुंद पट्टीमागेही कारण आहे. खिमा गुळगुळीत बारीक स्पॅगेटीवरून घसरून ताटात तळाला बसतो आणि शेवटी नुसता खिमाच खावा लागतो. रुंद पट्टीला किंवा आत पोकळ असलेल्या पास्त्याला तो धरतो. रिगातोनी या जाड नळीच्या पास्त्यात दोन-चार दाणे जाऊन बसतात, तो घास वेगळाच लागतो. घरात स्पॅगेटीच असेल तर खिमा अगदी बारीक फोडा.

लसूणपाकळी

आज केला. अर्धवट जमला, म्हणून लगेच लिहितेय. पॅन नॉनस्टिक आणि पातळ आहे. मोठ्या आचेवर रिकामाच तापत ठेवला तर धूर यायला लागला. घाबरून आच कमी केली, मग पाणी सुटलं आणि पुन्हा तेच राखाडी. पास्ता मात्र धुतला नाही, पाणी राखून ठेवलं, सॉसमध्ये दोन मिनिटं उलटापालटा केला. एवढ्यानेही केवढा फरक! तळाला पाणी अजिबात नव्हतं.

मीठमिरी

नॉनस्टिक रिकामा तापवू नका. साधारण 260 अंशांच्या वर त्याचा लेप खराब व्हायला लागतो आणि रिकामा पॅन मोठ्या आचेवर तिथे फार लवकर पोचतो. या कामाला स्टीलचा जाड पॅन किंवा बिडाची कढई हवी. बिडाची कढई तेलाने नीट मुरलेली असेल तर वीस मिनिटं टोमॅटो चालतो, पण सॉस त्यात रात्रभर ठेवू नका, धातूची चव उतरते.

निळी_शेगडी

आणि अर्धा किलो खिमा लहान पॅनमध्ये एकदम घालू नका. थर दोन बोटांपेक्षा जाड होत असेल तर दोन खेपा करा. पहिली खेप पूर्ण खरपूस, ती ताटलीत काढा. दुसरी नुसती रंग जाईपर्यंत परता. दोन्ही एकत्र केल्या की एकीतून चव आणि दुसरीतून मऊपणा मिळतो. वेळ चार मिनिटं वाढतो.

पॅन बदलता येत नसेल तर एक उपाय आहे. अर्धा किलो खिम्याला पाव चमचा खायचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून हलक्या हाताने लावा आणि पंधरा मिनिटं ठेवा. तोवर कांदा चिरून होतो. सोड्याने मांस कमी पाणी सोडतं आणि रंगही लवकर धरतं. पाव चमच्याच्या वर जाऊ नका, साबणासारखी चव येते.

लसूणपाकळी

आणखी एक प्रश्न. धाकट्याला कांद्याचा तुकडा जिभेला लागला की तो घास बाहेर काढतो. कांदा वगळला तर चालेल का?

भांडीकमी

वगळू नका, किसा. जाड किसणीवर किसून परतला की सॉसमध्ये विरघळूनच जातो. गाजरही त्याच किसणीवर. माझ्याकडे दोन वर्षं कुणाला पत्ता लागलेला नाही.

रविवारची_कढई

फ्रीझरचा उपयोग करा. सॉस एका वेळी दुप्पट करायला फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. गार झाला की पिशवीत भरून हवा काढा आणि ताटलीवर आडवी ठेवून सपाट गोठवा. पुस्तकासारखी उभी ठेवता येते, आणि पातळ थर असल्यामुळे कढईत थेट टाकला तरी काही मिनिटांत सुटतो. शिजलेला पास्ता मात्र गोठवू नका, लगदा होतो. पिशवीवर तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत संपवला तर चव चांगली राहते.

मीठमिरी

फक्त सॉस गार करण्यासाठी कढई ओट्यावर रात्रभर ठेवू नका. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. उथळ ताटात पसरला की लवकर निवतो. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो.

लसूणपाकळी

आज बुधवार, परत केला. आईकडून स्टीलची जाड कढई आणली. सात चाळीसला सुरुवात केली.

खिमा टिपला, थर केला आणि कालथा मुद्दाम खाली ठेवून कांदा किसायला घेतला, नाहीतर हात राहवत नाही. पहिला चर्र, मग बुडबुड, आणि मग साधारण पाच मिनिटांनी तो दुसरा आवाज! निळी_शेगडी, तुम्ही लिहिलंत तसाच, बारीक आणि कोरडा. कड उचलली तर खाली गडद तपकिरी, आणि घरभर असा वास पसरला की थोरली अभ्यास सोडून बघायला आली. कांदा-गाजर घातल्यावर तळाचा थर कसा सुटत जातो आणि पिवळट कीस बघता बघता कसा तपकिरी होतो, ते बघत उभी राहिले. पेस्ट विटकरी होईतो परतली. दूध घातलं नाही, ते पुढच्या वेळी. रिगातोनी 12 मिनिटांचा होता, 10 ला काढला. कप रोळीत ठेवला होता, म्हणून पाणी विसरले नाही.

आठ सत्तावीसला ताटं टेबलावर होती. सॉस नळ्यांच्या आत शिरला होता. धाकट्याने एक रिगातोनी काट्यावर धरून आत डोकावून बघितलं, "आतमध्ये पण आहे" म्हणाला आणि पुन्हा घेतला. ताटाच्या तळाला पाण्याचा थेंब नव्हता, पावाच्या तुकड्याने पुसून घेण्याइतका सॉस होता.

दुप्पट केला होता. उरलेला उथळ ताटात निवतोय, झोपायच्या आधी पिशवीत भरते. भांडीकमी, पातेलं घासायचं राहिलंय. पुढच्या मंगळवारी तुमच्या पद्धतीने करून बघते, थोरलीला शंखाचा पास्ता हवाय.